अढीतला कॉम्प्युटर

जावयाने सासरी चपला कुठे काढाव्यात, पाणी कसं मागावं आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी कुणाला विचारावं, हे शिकवायचं काम त्याच्या आईचं. आमच्या गुरुप्रसादरावांच्या आईने पहिल्या दोन गोष्टी छान शिकवल्या. तिसरी शिकवायच्या वेळी ती बाई कुठे गेली होती कोण जाणे.

हे मी त्यांच्या तोंडावर बोलले नसते. निदान त्या महिन्यात तरी नाही. अधिक महिना चालू होता, आणि अधिकात लेक-जावई म्हणजे घरात आलेले लक्ष्मी-नारायण. त्यांना बोलवायचं, पाटावर बसवायचं, पोटभर जेवू घालायचं आणि तेहतीस अनारसे वाण म्हणून जावयाच्या हातात द्यायचे. तीन वर्षांनी एकदा येणारा महिना, तो यंदा नेमका आंब्याच्या शेवटच्या काढणीत आला. एकीकडे गडी झाडावर, दुसरीकडे अनारशाचं पीठ, आणि मधे नारायण. त्याच्याशी वाकडं बोलायचं नाही. त्याने मिठाचं पोतं विहिरीत ओतलं तरी म्हणायचं, असू दे, पाणी जरा चवीला आलं.

मी हौसा. पावसच्या वरच्या अंगाला आमची ऐंशी कलमांची बाग आहे. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हापासून बाग मी बघते. शाळा चौथीपर्यंत. पण पेंढ्यात हात घालून न बघता सांगते, कुठला आंबा उद्याचा आणि कुठला परवाचा. आजवर चुकले नाही, असं मी समजत होते.

माझ्या प्रमोदची मुलगी तेजस्वी लहानपणापासून माझ्याकडे आहे. प्रमोद आणि सून मुंबईला, दोघं नोकरीवर. पोरगी आता रत्नागिरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. गेल्या दिवाळीनंतर तिने कॉम्प्युटर बनवला. विकत आणला नाही, बनवला. वर्षभर एकेक तुकडा गोळा केला, काही नवे, काही कुणी वापरून टाकलेले, आणि एका रविवारी माझ्या भाजी निवडायच्या चटईवर ते सगळं मांडून संध्याकाळपर्यंत उभं केलं. तो सुरू झाला तेव्हा तिने मला हाक मारली. मला त्यातलं काही कळलं नाही, पण तिच्या तोंडाकडे बघून कळलं की काहीतरी मोठं झालं.

ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला. ती म्हणत होती, ओटीवर. मी म्हटलं, नाही. ओटीवर रस्त्यावरचा येणारा-जाणारा बघतो, आणि तू कानाला ते लावून एकटीच ओरडतेस ते वाडीला कशाला ऐकवायचं. माजघराच्या मागे आमची अढीची, म्हणजे आंबे पिकत घालायची, खोली आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, हातभर खिडकी, ऊन म्हणून आत येत नाही. मी तिला सांगितलं, घरात सगळ्यात थंड जागा हीच, इथे ठेव. तिने ठेवला. तेव्हा थंडीचे दिवस होते, खोली खरंच थंड होती.

ती खेळते. पाच मुलींचा संघ आहे. दोघी चिपळूणच्या, एक लांज्याची, एक मांडवीची नम्रता, ती कप्तान, आणि पाचवी आमची. प्रत्येकीने आपल्या घरी बसून खेळायचं. बंदुका घेऊन धावायचा खेळ आहे. आधी मला तो नुसता पोरखेळ वाटायचा. मग एकदा तिच्या शेजारी बसून ऐकलं. कोण कुठे उभी राहणार, कोण आधी जाणार, कोणी थांबायचं, हे पाचजणी एकमेकींना सतत सांगत होत्या. आंबे काढताना झाडावरचा नि खालचा बोलतात तसं. त्यानंतर मी तिला पोरखेळ म्हणाले नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांची मोठी मॅच होती. पहिले दोन संघ पुण्याला जाणार होते. आणि त्याच्या महिनाभर आधीपासून कॉम्प्युटर अडखळायला लागला होता. चित्र चालता चालता थांबायचं, मग एकदम उडी मारून पुढे जायचं. तेवढ्यात हिचा माणूस मेलेला असायचा. ती रोज काहीतरी खटपट करायची, पुसायची, बदलायची. उपयोग नव्हता.

अशात गुरुवारी समीक्षा, म्हणजे माझी मुलगी, आणि गुरुप्रसादराव आले. हे डोंबिवलीला राहतात आणि कॉम्प्युटरच्याच कुठल्या ऑफिसात कामाला आहेत. तिथे नक्की काय करतात ते समीक्षालाही सांगता येत नाही, लग्नाला नऊ वर्षं झाली तरी. चहा व्हायच्या आत ते अढीच्या खोलीत जाऊन उभे राहिले आणि कॉम्प्युटरकडे बघून डॉक्टरासारखं हं म्हणाले.

त्यांनी आम्हाला समजावलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. कारखान्यातून निघताना त्याला एक वेग ठरवून दिलेला असतो, पण तो जरा हात राखून दिलेला असतो. आपण आत शिरून तो वाढवायचा. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. अडखळणं जाईल, खेळ पळायला लागेल.

तेजस्वीने हळूच सांगितलं, की हे तिला ठाऊक आहे आणि तिचा प्रोसेसर वेग वाढवू देणारा आहे. पण वेग वाढवला की तो तापतो, आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा त्याच्यासोबत आलेला लहानसा आहे. मोठा पंखा घेतल्यावर, मॅच झाल्यावर बघू, असं तिने ठरवलं होतं. गुरुप्रसादराव हसले. एवढं घाबरून गेम खेळता येत नाही, म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"आई, तुम्ही नाही का कलमांच्या मुळाशी औषध घालत, लवकर मोहर यावा म्हणून? हे तेच."

मला राग आला, कारण ते खरं होतं. घालते मी औषध. सगळेच घालतात, कोणी सांगतं, कोणी सांगत नाही. पण बागेत वर्षातून दोनदा फोटो काढायला येणाऱ्या माणसाने ते मला चिमट्यातल्या निखाऱ्यासारखं धरून दाखवावं, हे मला सोसलं नाही. पण अधिक महिना. चहात साखर बरोबर आहे का, एवढंच विचारलं.

शुक्रवारी दुपारी तेजस्वी आत्याला घेऊन खसखस आणायला बाजारात गेली. मी अढीच्या खोलीत होते. आंबे पेंढ्याच्या थरावर मांडतात, वरून पुन्हा पेंढा घालतात, आणि दोन-तीन दिवसांनी अढी परतावी लागते. पिकलेला आंबा वेगळा काढायचा, डागी फेकायचा, पेंढा झाडून परत पसरायचा. मी वाकून ते करत होते आणि गुरुप्रसादराव आले.

त्यांनी मला काही विचारलं नाही. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, मधेच कसलंसं बटण दाबून धरलं, तर नेहमीचं चित्र न येता आकड्यांचा पडदा आला. त्यातले आकडे त्यांनी बदलले. मग त्या उभ्या सीपीयूच्या एका बाजूची काच काढून भिंतीला टेकवून ठेवली. आत हवा खेळू दे, म्हणाले, मला की कॉम्प्युटरला ते कळलं नाही. वीस मिनिटांत काम झालं. टॉवेल खांद्यावर टाकला आणि गणेशगुळ्याच्या समुद्रावर पोहायला गेले.

मी हे सगळं बघितलं. माझ्या नातीची वस्तू, तिने नको म्हटलेलं काम, आणि मी तिथे पेंढा हातात घेऊन बसलेली. माझ्या बागेत माझ्या परवानगीशिवाय कोणी फांदी तोडली असती तर मी त्याला वेशीपर्यंत सोडायला गेले असते. इथे माझ्या जिभेला काय झालं होतं? जावई. अधिक. असू दे. मी पेंढा झाडत राहिले. दोन हात अंतरावर ते उघडं पडलेलं यंत्र, आणि मी पेंढा झाडत राहिले.

संध्याकाळी पाचला त्यांची सरावाची मॅच होती. तेजस्वी येऊन घाईघाईत बसली. काच काढलेली तिने बघितली, पण सगळ्या तिची वाट बघत होत्या. सुरुवातीला यंत्र पळालं. ती स्वतःच म्हणाली, आज काय झालंय याला. दहा मिनिटं पळालं असेल. मग आतून घर्र आवाज यायला लागला, मग टकटक, मग आवाज थांबला. आणि पडदा काळा.

नम्रताचा फोन आला. ती मुलगी आरडाओरडा करणारी नाही, म्हणून जास्त लागलं. एकदा झालं तर चालतं, म्हणाली. पण रविवारी झालं तर पाचजणींचं जाईल. राखीव मुलगी तयार आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत तूच सांग, तू बसतेस की तिला बसवू.

फोन ठेवून तेजस्वी माझ्याकडे वळली. याला कोणी हात लावला, असं तिने विचारलं. मी सांगितलं, काकांनी.

"तू होतीस इथे?"

"होते."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

ती उठून विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. जेवायला आली, जेवली, ताट घासलं.

गुरुप्रसादराव जेवणाआधी पोहून आले ते लाल होऊन. त्यांना सांगितलं तर म्हणाले, तुमच्या इकडची वीजच अशी, प्रोसेसरला करंट कमी पडला असणार. आत अजून एक आकडा वाढवतो, मग बसेल. तेजस्वी म्हणाली, नको काका. दोनदा म्हणाली. तर म्हणतात, मग रविवारी हरलीस तर माझ्याकडे रडत येऊ नकोस. समीक्षा माझ्याकडे बघून डोळ्यांनी विनवत होती. मी आमटीत डाव घालून ढवळत राहिले. आमटी आधीच ढवळून झाली होती.

शनिवारी सकाळी मी पुन्हा अढीवर बसले होते. तेजस्वी येऊन उंबऱ्यावर बसली.

"आजी, तू सांग आता," ती म्हणाली. "वेग होता तसा ठेवला तर अडखळतं. वाढवला तर बंद पडतं. अडखळत खेळले तर आम्ही हरणार, बंद पडलं तर मी त्यांना बुडवणार. की नम्रताला सांगू, दुसरीला घे?"

माझ्याकडे कोणी असं विचारायला येतं तेव्हा मला आवडतं, हे खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी आवडलं नाही. पोरीची जागा जात होती आणि मी चौथी पास. मला जेवढं समजतं तेवढंच मी विचारलं. झाडाला काही झालं की पहिलं विचारतात, कधीपासून.

तिने बोटांवर मोजलं. फेब्रुवारीत ठीक होता. मार्चमध्ये ठीक होता. अक्षय तृतीया झाली आणि त्याच आठवड्यात सुरू झालं.

माझा हात तेव्हा कोपरापर्यंत पेंढ्यात होता.

आत ऊब होती. आंबा पिकताना तापतो, हे मला कोणी सांगायला नको. ती ऊब जाऊ नये म्हणूनच मी खिडकीला गोणपाट लावते आणि दार ओढून घेते. पहिली मोठी अढी मी घातली अक्षय तृतीयेला. चाळीस वर्षं मी ज्या खोलीत ऊब साठवते, त्याच खोलीत नातीचं यंत्र ठेवून मी तिला सांगत होते, ही घरातली सगळ्यात थंड जागा. आणि तिने कधी माझ्याशी वाद घातला नाही, कारण अढीतलं आजीला कळतं, असं या घरात सगळे मानतात. मीच मानायला लावलंय.

खरं सांगते, क्षणभर वाटलं, बोलू नये. आंबे जास्त झालेत, जागा हवी, तुझं ते उचल, असं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. कोणाला काही कळलं नसतं. मी हात बाहेर काढला, त्याला चिकटलेला पेंढा झटकला. तो पेंढा उडून त्या उघड्या सीपीयूच्या अंगावर गेला, आणि मग मात्र माझ्या तोंडातून शब्द आपोआप आले.

"बाय, खोली मी चुकवली. तापलेल्या खोलीत बसवलाय मी तुझा मेंदू."

ती मग उठली, विजेरी आणली आणि सीपीयूत डोकं घातलं. भुवया करायचा चिमटा मागितला. त्या लहानशा पंख्याच्या दांडीला पेंढ्याची काडी गुंडाळलेली होती, शिवणयंत्रात दोरा अडकतो तशी, आणि पात्यांवर कोंड्याचा थर. काल मी झाडलेला पेंढा. काच जागेवर असती तर आत गेला नसता. मी झाडला नसता तरी गेला नसता. आम्ही दोघांनी मिळून, एका नारायणाने आणि एका म्हातारीने, पोरीचा पंखा बंद पाडला होता. तेही मी तिला सांगितलं, आणि शुक्रवारी मी गप्प बसले ते चुकलं, असंही म्हटलं.

तिने आकडे होते तसे केले. पंखा रंगाच्या ब्रशने साफ केला, काच लावली. दोघींनी मिळून सगळं ओटीवर आणलं, दक्षिणेच्या वाऱ्याला. मग मला तिने पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दाखवला, मेंदू किती तापलाय त्याचा. अढीच्या खोलीत तो पंच्याण्णवच्या वर जायचा, तिथे पोचला की प्रोसेसर घाबरून स्वतःच हळू व्हायचा, म्हणून अडखळायचा. तो तिला आधीही दिसत होता, पण दोष ती लहान पंख्याला देत होती. ओटीवर तासभर खेळली, आकडा बहात्तरच्या वर गेला नाही. एकदाही अडखळला नाही. तिने नम्रताला फोन करून सांगितलं, मी बसते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गुरुप्रसादराव दुपारची झोप काढून ओटीवर आले, आकडा बघितला, आणि म्हणाले, बघ, आता तर जागाच जागा आहे, आता वाढव. आणि या वेळी मला तेजस्वीच्या डोळ्यांत दिसलं, की तिलाही मोह झालाय. पुण्याला जायचं होतं तिला. समोरच्या संघांकडे महागडी यंत्रं होती. थोडासा वाढवला तर, असं तिने मला विचारलं, काकांना नाही.

मी लगेच नको म्हटलं नाही. माझीच कलमं औषध प्यायलेली आहेत, मी कुठल्या तोंडाने म्हणणार? पण औषध घातलं की पुढे काय लागतं, ते मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी मी घातलं तेव्हा झाडांना दुप्पट शेणखत दिलं, घागरीने पाणी घातलं, पुढचा पाऊस लागेपर्यंत दर झाडाखाली रोज जाऊन पान बघितलं. कुंपणापलीकडच्या आमच्या दिरांनी ऐकून ऐकून औषध ओतलं आणि मुंबईला गेले. दोन वर्षं त्यांची झाडं वाकेपर्यंत धरली. आता त्यांच्या बागेत चुलीला लाकूड मिळतं.

"औषध भर पावसाळ्यात घालतात, आंबे निघून झाड मोकळं झाल्यावर," मी तिला म्हटलं. "फळांनी भरलेल्या झाडाच्या मुळाशी कोणी ओतत नाही. तुझं झाड आज भरलेलं आहे. मॅच होऊ दे. मग मोठा पंखा आण, सुट्टीत थोडा थोडा वाढव, आणि रोज त्याच्या शेजारी बसून तो आकडा बघ. जमलं तर ठेव, नाही तर उतरव. तेव्हा मी अडवणार नाही."

ती विचार करून म्हणाली, बरं. गुरुप्रसादराव मान हलवत म्हणाले, आई, तुम्ही सगळं आंब्यावरच नेता. मी म्हटलं, परवा तुम्हीच नेलं होतंत. एवढं मात्र मी बोलले, अधिक असून.

रविवारी साडेदहाला मॅच. जेवणाची वेळ मी एकची ठेवली. सकाळपासून घरात मिक्सर लावू दिला नाही, नारळ समीक्षाने पाट्यावर वाटला आणि वाटताना मला शिव्या घातल्या असतील. अनारसे मी मंद आचेवर तळले. तेहतीस झाले, एकही हसला नाही, कढईत फुटला नाही. अकराच्या सुमारास हात पुसून ओटीवर जाऊन बसले, तिच्या मागे, तिला दिसणार नाही अशी. खेळ मला कळत नव्हता. मी फक्त कोपऱ्यातला आकडा बघत होते. अडुसष्ट. सत्तर. एकाहत्तर. एकदा चौऱ्याहत्तर झाला, मग परत खाली आला. रस्त्यावरून येसूबाई भाजीची पाटी घेऊन चालली होती, ती थांबून बघायला लागली. मी तिला हाताने गप्प केलं आणि पायरीवर बसवलं.

सव्वाबाराला तेजस्वीने कानावरचं काढलं. केस घामाने कपाळाला चिकटलेले. ती वळली आणि मला म्हणाली, आजी, दुसऱ्या. पुण्याला जातोय. कॉम्प्युटर एकदाही थांबला नव्हता. येसूबाईने न समजता टाळ्या वाजवल्या.

मग पाट मांडले. रांगोळी घातली, समया लावल्या, समीक्षाला नि गुरुप्रसादरावांना बसवलं, पानं वाढली. तेजस्वी पुरणपोळीवर तूप वाढत फिरत होती आणि मधेच आपल्याशीच हसत होती. मी अनारशांचा डबा घेऊन आले. जावयाच्या पुढे वाकून तो त्यांच्या हातात द्यायचा, एवढंच राहिलं होतं.

आणि गुरुप्रसादराव पोळीचा तुकडा मोडत तिला म्हणाले, "दुसरा नंबर. वेग वाढवला असतास तर पहिला आला असता. कोणी ऐकत नाही माझं."

तिचं हसू गेलं. तुपाची वाटी हातात धरून ती तशीच उभी राहिली. समीक्षा पटकन माझ्याकडे बघून म्हणाली, आई, अधिक आहे. मी वाकलेली होते, ती सरळ झाले. डबा माझ्याच हातात ठेवला.

"गुरुप्रसादराव, अधिक आहे म्हणूनच उभी राहून बोलते आणि आवाज चढवत नाही. कॉम्प्युटर अढीच्या खोलीत ठेवला, ती चूक माझी. उघड्या यंत्राशेजारी पेंढा झाडला, तीही माझी. तुम्ही हात लावत होता तेव्हा मी गप्प बसले, ती सगळ्यांत मोठी. तिन्ही चुका मी या पोरीला तोंडाने सांगितल्या, आणि बघा, अजून दोन पायांवर उभी आहे. तुम्ही तिने नको म्हटलेलं काम तिच्या पाठीमागे केलंत, काच उघडी टाकलीत आणि पोहायला गेलात. त्यातलं एक अक्षर आजपर्यंत बोलला नाहीत. वर जिंकून आलेल्या पोरीला नंबर दाखवता. आता माझं ऐका. पान वाढलंय ते पोटभर जेवा, या घरातून उपाशी कोणी जात नाही. पण हे तेहतीस अनारसे या डब्यातच राहतील. आधी तेजूला माझं चुकलं म्हणा, मग डबा मी स्वतः वाकून तुमच्या हातात देते. आज म्हणालात तर आज, पुढच्या अधिकात म्हणालात तर तीन वर्षांनी. तोवर ते खवट होतील, त्याला मी जबाबदार नाही."